चार किलोंचा दंड!

विमानप्रवास आता फक्त मंत्री, सिनेमातले हीरो आणि फॉरेन-रिटर्न मामा यांच्यापुरता राहिलेला नाही. आपल्या हॉस्टेलचंच बघा ना. कुणाला इंटर्नशिपसाठी बंगळूर गाठायचंय, कुणाला इंटरव्ह्यूसाठी दिल्ली, तर कुणाची टीम रोबोचे सुटे भाग घेऊन स्पर्धेला निघालीय. रेल्वेचं वेटिंग दोनशेच्या वर गेलं की पोरं मोबाईल काढतात आणि विमानाचं तिकीट बघतात. ३,१०० रुपये! एवढ्यात विमान? मग काय, घरी फोन जातो, वडील 'बघ बाबा, जमत असेल तर' म्हणतात आणि आई संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीला सांगून मोकळी होते.

आणि मग येतो तो विमानतळावरचा वजनकाटा. आजचा लेख त्या काट्याबद्दल आहे.

आधीच एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे व्हायवाला बसल्यासारखे उलटे प्रश्न नकोत. सगळं सामान फुकट न्या, असं माझं म्हणणं नाही. धंदा आहे, कंपनीनं पैसे मिळवावेत. हलकं सामान घेऊन जाणाऱ्यानं जड सामानवाल्याचा भार का उचलावा, हा प्रश्नही रास्त आहे. माझं म्हणणं एवढंच, की जादा सामानाचे म्हणून जे पैसे काउंटरवर घेतले जातात, ते वजनाचे पैसे नाहीतच. तो दंड आहे. आणि तो बसतो बहुतेक करून पहिल्यांदा विमानात बसणाऱ्याला, म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्याला.

आमच्या विंगमधल्या एका मित्राची गोष्ट सांगतो. लातूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातला मुलगा. बंगळूरला दोन महिन्यांची इंटर्नशिप मिळाली. घराण्यातला पहिला विमानप्रवास! त्याला सोडायला वडील गावाहून आले होते आणि मी हॉस्टेलवरून गेलो होतो. बॅगेत दोन महिन्यांचे कपडे, फॉर्मल बूट, चादर, तीन जाडजूड पुस्तकं आणि आईनं दिलेलं येसर, शेंगदाण्याची चटणी, भाजणी वगैरे. तिकीट नसलेल्यांना आत सोडत नाहीत, त्यामुळे त्याचे वडील आणि मी काचेच्या बाहेर उभे. दहा मिनिटांत फोन आला. बॅग भरली १९ किलो. फुकट १५. वरच्या चार किलोंचे, करासकट, अडीच हजारांच्या आसपास. काउंटर बंद व्हायला वीस मिनिटं. बाहेर येऊन डबे परत द्यावेत तर बॅग उघडा, परत बांधा, दारावरच्या जवानाला समजावा, पुन्हा रांगेत लागा... कसं जमणार?

वडिलांनी काही न बोलता फोनवरून पैसे पाठवले. मग बराच वेळ त्या काचेकडे बघत राहिले आणि मला म्हणाले, "का रे बाबा, तिकिटात सामान धरलेलं नसतं का?"

मला उत्तर देता आलं नाही. म्हणजे १५ किलो धरलेलं असतं, वगैरे सांगितलं मी. पण त्यांचा प्रश्न तो नव्हताच. माणूस गावाला निघाला म्हणजे त्याच्याबरोबर बोचकं असणारच, हे त्यांनी जन्मभर पाहिलेलं. रेल्वेच्या स्लीपर डब्यात आजही माणशी ४० किलो सामान तिकिटातच धरलेलं असतं. इथे तिकीट ३,१०० चं, आणि चार किलोंचे अडीच हजार. म्हणजे सबंध माणूस नेण्याचे ३,१०० आणि येसराच्या डब्याचे अडीच हजार! हा हिशेब कुणाला समजावून सांगणार?

आता आपण इंजिनिअर आहोत (निदान होऊ घातलेलो आहोत, के.टी. सुटल्या तर!), तेव्हा गणित मांडूनच बघू. वजन वाढलं की इंधन जास्त जळतं, हे खरं आहे. साधारण ठोकताळा असा, की जादा वजन तासभर हवेत नेण्यासाठी त्या वजनाच्या तीन ते चार टक्के इतकं इंधन जास्त लागतं. आपण उदार होऊन ४ टक्के धरू. पुणे-बंगळूर उड्डाण दीड तासाचं धरू. झाले ६ टक्के. ४ किलोंचे ६ टक्के म्हणजे २४० ग्रॅम. विमानाच्या इंधनाची घनता लिटरला साधारण ०.८ किलो, म्हणजे आलं ०.३ लिटर. इंधन लिटरला १०० रुपये धरलं तर खर्च ३० रुपये. महागाई वाढली म्हणून १५० धरलं तर ४५. म्हणजे दोन वडापाव आणि एक कटिंग. त्यासाठी अडीच हजार!

एखादा लगेच म्हणेल, अरे, फक्त इंधनाचा खर्च असतो का? लोडर असतात, पट्टे असतात, ट्रॉल्या असतात, तपासणीची यंत्रं असतात. बरोबर. पण हा खर्च बॅगेमागे येतो, किलोमागे नाही. १५ किलोंची बॅग असो की १९ ची, ती उचलायला माणूस एकच, ती पट्ट्यावरून जाणार एकदाच, तिला चिकटवायची पट्टीही एकच. बॅग दुसरी असेल तर वेगळे पैसे जरूर घ्या. त्याच बॅगेत चार किलो जास्त असल्यानं हमालीचा खर्च असा कितीसा वाढतो? विमानाच्या पोटात मालही जातो आणि त्या जागेचे कंपनीला पैसे मिळतात, हाही मुद्दा बरोबर आहे. पण कुठल्याही कुरिअरच्या दुकानात जाऊन तेच चार किलो विमानानं बंगळूरला पाठवायचे किती घेता, म्हणून विचारा. तो तर घरी येऊन बॅग नेतो, तिथल्या पत्त्यावर पोचवतो, आणि तरीही काउंटरवाल्याच्या मानानं स्वस्तच सांगेल.

दुसरं उत्तर हमखास मिळतं ते सुरक्षिततेचं. विमानाचं वजन, त्याचा तोल, गुरुत्वमध्य... मेकॅनिकलवाल्यांना हे सांगायला नको. उड्डाणाआधी लोडशीट बनते, पुढे किती भार, मागे किती भार, सगळं बघितलं जातं. या शास्त्राबद्दल मला पूर्ण आदर आहे. पण एक शंका आहे सर! पैसे भरल्यावर बॅगेचं वजन कमी होतं का? चार किलो जास्त नेणं धोक्याचं असेल तर अडीच हजार घेऊनही नेऊ नका. आणि अडीच हजारांत नेता येत असेल, तर धोका नव्हताच, मग सुरक्षिततेचं नाव कशाला घेता? शिवाय प्रवाशांचं वजन कुणी करत नाही (आणि करूही नये). त्यासाठी ठरावीक सरासरी आकडा धरतात. त्या सरासरीच्या अंदाजात जेवढा फरक सहज चालून जातो, त्यापुढे भाजणीच्या डब्याची काय कथा?

याच रांगेत आणखी एक गंमत बघायला मिळते. बॅगेचं वजन जास्त भरलं की लोक बाजूला होतात, बॅग उघडतात आणि दोन शर्ट, त्यावर स्वेटर, त्यावर जर्किन असे अंगावर चढवतात. ऐन मे महिन्यात! खिशात चार्जर, काखेत पुस्तकं. बॅग १५ किलोंवर येते आणि काउंटरवाले खूष. अहो, पण विमानात तेवढंच वजन चढलं ना? वस्तुमान अक्षय्यतेचा नियम आपण शाळेत शिकलो, तो विमानतळावर लागू नाही की काय? एवढं सगळं करून वाचतं ते फक्त दंडाचं. आणि जातं काय, तर शंभर लोकांसमोर बॅग उघडून आतले कपडे उचकायला लागतात. त्याचा आकडा कुठल्याच पावतीवर येत नाही.

ही पद्धत आली कुठून, तेही बघू. पूर्वी तिकीट म्हणजे तिकीट. त्यात सामान, जेवण, खुर्ची सगळं धरलेलं. मग स्वस्त विमानांचं युग आलं. युरोपात रायनएअरनं २००६ मध्ये काउंटरवर दिलेल्या बॅगेचे वेगळे पैसे घ्यायला सुरुवात केली. आपल्याकडे कॅप्टन गोपीनाथांची एअर डेक्कन २००३ मध्ये सुरू झाली आणि साधा माणूसही विमानात बसू शकतो हे तिनं दाखवून दिलं. हे उपकार विसरून चालणार नाही. जेवण नको असेल तर त्याचे पैसे देऊ नका, हा विचार चांगलाच होता.

पण अमेरिकेतली गोष्ट फार बोलकी आहे. २००८ साली कच्च्या तेलाचे भाव भडकले. जुलैत ते पिंपाला १४७ डॉलरपर्यंत गेले. त्याच सुमारास, जूनमध्ये, अमेरिकन एअरलाइन्सनं पहिल्याच बॅगेला १५ डॉलर लावले. कारण काय, तर इंधन महागलं. बाकीच्या बहुतेक मोठ्या कंपन्या मागोमाग आल्या. आता गंमत बघा. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तेल ४० डॉलरच्याही खाली आलं. बॅगेचे पैसे मात्र गेले नाहीत. उलट वाढतच गेले. तिथल्या सरकारी आकडेवारीप्रमाणे २०१९ मध्ये अमेरिकी कंपन्यांनी नुसत्या सामानाच्या आकारातून साधारण ५.८ अब्ज डॉलर मिळवले, आणि २०२३ मध्ये हा आकडा ७ अब्जांच्या घरात गेला. साउथवेस्ट ही एक कंपनी 'आमच्याकडे बॅगा फुकट' अशी वर्षानुवर्षं जाहिरात करत होती. तिनंही २८ मे २०२५ पासून बहुतेक प्रवाशांच्या बॅगांना पैसे लावले. तेव्हा 'इंधन महागलं म्हणून' असं कुणी सांगितलं तर नुसतं हसा.

आपल्याकडे काय झालं? २०१५ मध्ये आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं कंपन्यांना सामान, पसंतीची खुर्ची, खाणंपिणं यांचे पैसे तिकिटापासून वेगळे करायला परवानगी दिली. तेव्हा खासगी कंपन्या १५ किलो फुकट नेत आणि वरच्या किलोला तीनशेच्या आसपास घेत. ओरड झाली. मग २०१६ मध्ये महासंचालनालयानं आदेश काढला, की १५ ते २० किलोंच्या मधल्या वजनाला किलोमागे १०० रुपयांपेक्षा जास्त घ्यायचे नाहीत. म्हणजे आमच्या मित्राला चार किलोंचे ४०० पडले असते. पण कंपन्या कोर्टात गेल्या आणि २०१७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं तो आदेश रद्द केला. नंतर २०२१ मध्ये फक्त हातातलं सामान नेणाऱ्यांना स्वस्त तिकीट द्यायलाही मुभा मिळाली. एअर इंडिया इतरांपेक्षा जास्त सामान नेऊ द्यायची, तिनंही मे २०२४ मध्ये आपल्या स्वस्तातल्या भाड्यांसाठी १५ किलोंचीच मर्यादा केली. आता किलोचा दर काउंटरवर पाचशे-सहाशेच्या आसपास जातो.

आणि तरीही आपल्याकडे कायदा नाही असं नाही. १९३७ च्या विमान नियमांतला १३५ वा नियम सांगतो, की कंपनीनं दर ठरवताना चालवण्याचा खर्च, सेवेचं स्वरूप, रास्त नफा आणि बाजारातला प्रचलित दर या गोष्टी लक्षात घ्याव्यात. 'रास्त नफा' हे शब्द माझे नाहीत, नियमातले आहेत! ४५ रुपयांच्या इंधनावर अडीच हजार, यातला रास्त भाग किती, हे कुणीतरी एकदा मोजून दाखवावं. नोव्हेंबर २०२५ मध्ये विमानभाडी आणि हे वरचे आकार यांच्यावरच्या जनहित याचिकेत सर्वोच्च न्यायालयानं सरकारला नोटीस काढली, म्हणजे प्रश्न अगदीच पोरकट नसावा.

आता कंपन्यांची बाजूही ऐकू. त्यांचं म्हणणं असं, की काउंटरवरचा दर मुद्दाम जास्त ठेवलेला असतो, म्हणजे लोक आधीच ऑनलाइन नोंदणी करतात, कंपनीला भाराचा अंदाज येतो आणि रांगा तुंबत नाहीत. मान्य! लेट सबमिशनला मार्क कापतात, तसंच हे. पण लेट सबमिशनला सर किती मार्क कापणार, ते वर्गात पहिल्याच दिवशी सांगतात. इथे दर कुठे असतो? तिकिटाच्या खाली, बारीक अक्षरात, 'अटी लागू' वर टिचकी मारली की उघडणाऱ्या पानावर, तेही इंग्रजीत. आधी दिसतं ते फक्त ३,१००, ठळक रंगात. मग कन्व्हिनियन्स फी, मग खुर्चीचे, मग विम्याची आपोआप झालेली खूण, मग सामान. थेंब थेंब करून किंमत वाढत जाते. आपल्या शेतकऱ्यांनी ठिबक सिंचन आणलं ते पाणी वाचवायला. या लोकांनी ठिबक आणलंय ते आपला खिसा रिकामा करायला!

म्हणून मी म्हणतो, की हा दंड अज्ञानाचा आहे. जो महिन्यातून चार वेळा उडतो, त्याला सगळ्या खाचाखोचा पाठ असतात. त्याची बॅग बरोबर १४.८ भरते. त्याच्याकडे कंपनीचं कार्ड असतं आणि त्यावर जादा सामानही फुकट असतं. म्हणजे ज्याला परवडतं तो देत नाही. देतो कोण? आयुष्यात पहिल्यांदा आलेला विद्यार्थी, लेकीच्या बाळंतपणाला डिंकाचे लाडू घेऊन निघालेली आजी, नाशिकहून गुवाहाटीला नोकरीवर रुजू होणारा जवान. यांना बारीक अक्षरं वाचायची सवय नसते, आणि काउंटरवर उभं असताना 'राहू द्या, मी दुसऱ्या विमानानं जातो' असं म्हणायची सोयही नसते. भाजीवाल्यानं भाव लावला तर आपण पुढच्या गाडीकडे जातो. इथे तिकीट परत होत नाही आणि विमान तासाभरात सुटणार असतं. अशा वेळी सांगितलेल्या भावाला भाव म्हणायचं की आणखी काही?

युरोपात यावर थोडाफार लढा झालाय. तिथल्या वरिष्ठ न्यायालयानं २०१४ मध्ये एका खटल्यात सांगितलं, की काउंटरवर दिलेल्या बॅगेचे वेगळे पैसे घेता येतील, पण वाजवी आकाराचं हातातलं सामान हा प्रवासाचाच भाग आहे, त्याला वेगळा आकार नको. नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पेनच्या सरकारनं पाच स्वस्त विमान कंपन्यांना हातातल्या सामानाचे पैसे घेणं वगैरे कारणांवरून मिळून १७.९ कोटी युरोंचा दंड ठोठावला. कंपन्या कोर्टात गेल्या आहेत, ते चालू राहील. पण निदान तिथलं सरकार प्रवाशाच्या बाजूनं उभं तरी राहिलं.

दुसऱ्या बाजूला, त्याच युरोपात रायनएअर आपल्या कर्मचाऱ्यांना मोठी बॅग पकडल्याबद्दल बॅगेमागे दीड युरो बक्षीस देत होती. २०२५ च्या नोव्हेंबरपासून ते अडीच युरो करायचं तिनं ठरवलं. आता सांगा, जो माणूस तुमची बॅग मोजतो त्यालाच मोजण्यावर बक्षीस असेल, तर काट्याकडे बघताना तुमच्या मनात काय येईल?

पण इथे एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. काउंटरवरची ती मुलगी किंवा तो मुलगा आपल्याच वयाचा असतो. तोही कुठल्यातरी गावाहून आलेला, तोही भाड्याच्या खोलीत राहणारा. दर त्यानं ठरवलेले नसतात. जुलै २०२५ मध्ये श्रीनगरच्या विमानतळावर १६ किलोंच्या हातातल्या सामानाच्या पैशांवरून एका प्रवाशानं कर्मचाऱ्यांना जबर मारहाण केली. कुणाला पाठीला लागलं, कुणाला जबड्याला. मर्यादा ७ किलोंची होती. याचं समर्थन कुठल्याही शब्दांत होऊ शकत नाही. राग यावा तो नियम करणाऱ्याचा. काउंटरवरच्या पोराला शिव्या देऊन कंपनीच्या साहेबाच्या कानापर्यंत काहीच पोचत नाही.

मग करायचं काय? नुसती रडारड करून लेख संपवला तर संपादक म्हणतील, उपाय कुठाय? तर माझ्या साध्या मागण्या अशा.

पहिली, तिकिटाच्या पहिल्याच पडद्यावर, भाड्याच्या आकड्याइतक्याच मोठ्या अक्षरात लिहा : 'सामान इतकं फुकट, वर किलोला इतके रुपये.' आणि ते मराठी-हिंदीतही लिहा. तिकीट विकताना सगळ्या भाषांत जाहिराती करता, मग दर सांगताना इंग्रजीच का आठवतं?

दुसरी, काउंटरवरचा दर आधी नोंदणी केल्याच्या दराच्या दुपटीपेक्षा जास्त नसावा. उशिराचा दंड जरूर घ्या, पण त्याला काही माप असावं.

तिसरी, किलो-दोन किलोंची सूट ठेवा. घरचा काटा आणि विमानतळावरचा काटा यांत फरक पडतोच. भाजीवाल्याच्या काट्यावर वैधमापनवाल्यांचा शिक्का लागतो. विमानतळावरच्या काट्याचा शिक्का आणि तारीखही प्रवाशाला उभ्या जागेवरून वाचता आली पाहिजे.

चौथी, एका तिकिटावर चौघं असतील तर चौघांचं वजन मिळून मोजा. एकाची बॅग १९ आणि दुसऱ्याची ११, तर बेरीज तीसच होते. काही ठिकाणी हे करतात, ते सगळीकडे व्हायला हवं.

आणि पाचवी, सर्वांत सोपी. विमानतळाच्या दाराबाहेर एक काटा ठेवा. साधा काटा! जिथे सोडायला आलेले आई-वडील उभे असतात तिथे. वजन जास्त झालं तर येसराचा डबा आईच्या हातात परत जाईल, कचऱ्याच्या डब्यात नाही. याला कितीसा खर्च येतो?

हे होईल तेव्हा होईल. तोपर्यंत आपल्या हॉस्टेलवाल्यांनी काय करावं? बॅग भरताना काट्यावर मोजा. हातात धरायचा इलेक्ट्रॉनिक काटा पाचशेच्या आत मिळतो. विंगमध्ये मिळून एक घ्या. पुढच्या बॅचला वारसा म्हणून द्या, ड्राफ्टर देतात तसा! जादा सामान असेल तर घरूनच ऑनलाइन नोंदवा. काही कंपन्या विद्यार्थ्यांच्या तिकिटावर १० किलोंपर्यंत जादा सामान देतात, त्यासाठी तिकीट काढतानाच विद्यार्थी हा पर्याय निवडावा लागतो आणि आयकार्ड बरोबर ठेवावं लागतं. पुस्तकं पोस्टानं पाठवा. पॉवरबँक मात्र हातातल्याच बॅगेत ठेवा, काउंटरवर द्यायच्या बॅगेत ती चालत नाही. आणि चुकीचे पैसे घेतले असं वाटलं तर पावती घ्या, काट्यावरच्या आकड्याचा फोटो काढा आणि सरकारच्या 'एअरसेवा'वर किंवा ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार करा. आपल्यापैकी बहुतेक जण इथेच हात टेकतात. 'जाऊ दे यार, पुढच्या वेळी बघू.' कंपन्यांचा हिशेब या 'जाऊ दे यार'वरच चाललेला असतो.

जाता जाता कॉम्प्युटर आणि आय.टी.वाल्यांसाठी दोन शब्द. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारनं ग्राहकांना फसवणाऱ्या ऑनलाइन युक्त्यांची यादी काढली. एकूण १३ प्रकार आहेत. त्यात खरी किंमत आधी लपवून नंतर हळूहळू वाढवत नेण्याचा प्रकार आहे, आणि न मागता एखादी वस्तू टोपलीत टाकण्याचाही आहे. हे पडदे आपोआप तयार होत नाहीत. ते कुणीतरी बसून लिहितं. आज वरच्या लॅबमध्ये मान मोडून प्रोग्रॅम चालवणाऱ्या आपल्यापैकीच काही जण दोन-तीन वर्षांनी अशा कंपनीत असतील. एखाद्या मीटिंगमध्ये साहेब म्हणतील, "हा सामानाचा दर जरा खाली घ्या, लोकांच्या डोळ्यावर येतोय." तेव्हा नोकरी नवीन असेल, डोक्यावर कर्ज असेल, मान डोलवणं सोपं असेल. तरी एकदा विचारा, "सर, खाली का? वर ठेवू या ना, लोकांना आधीच कळलेलं बरं." फार तर साहेब नाही म्हणतील. पण हा प्रश्न आपल्यापैकी दहा जणांनी दहा कंपन्यांत विचारला, तर एखाद्या तरी पडद्यावर तो आकडा वर येईल, आणि कुणीतरी घरूनच डबा कमी करून निघेल.